तुम्ही मूळचे कुठले?

आपल्या सीमाभागात दोन अनोळखी माणसं एसटीत शेजारी बसली, की नाव-गाव विचारून झाल्यावर तिसरा प्रश्न ठरलेला असतो, "पण तुम्ही मूळचे कुठले?" बेळगावात राहणारा मग चंदगडचं नाव सांगतो, चंदगडचा सावंतवाडीचं, सावंतवाडीचा पेडण्याचं. कुणी कुलदैवताचं गाव सांगतं, कुणी आडनावावरून अंदाज बांधतं. कन्नड घरांतही "निम्म मूल ऊरु यावुदु?" असं विचारल्याशिवाय पाहुण्याचा चहा संपत नाही.

हा प्रश्न दोन-तीन पिढ्यांवर थांबतो, म्हणून सोपा वाटतो. तो तसाच मागे मागे नेत राहिलं तर काय होईल? पणजोबांच्या पणजोबांच्या पलीकडे, गावं वसण्याच्या पलीकडे, भाषा बोलल्या जाण्याच्याही पलीकडे? गेले काही महिने मी नेमकं हेच करते आहे. आमच्या कॉलेजात कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी 'मानवाची उत्पत्ती' या विषयावर बारा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम आखायचं काम माझ्याकडे आलं आहे. नुसती व्याख्यानं ऐकवणारा नको, मुलांनी स्वतः काही करून पाहावं, विचारावं, भांडावं असा हवा, एवढीच अट आहे.

माझी थोडी ओळख करून देते. माहेर खानापूर तालुक्यातलं, आई धारवाडकडची. त्यामुळे आमच्या घरात भाजीला मीठ कमी पडलं तर मराठीत आणि जास्त पडलं तर कन्नडमध्ये बोललं जायचं. सासर पेडणे तालुक्यातल्या मोप्याचं. इतिहास शिकवते. माझ्यासारख्या शिक्षिकेला आजवर इतिहास म्हणजे फार तर शातवाहन, कदंब, विजयनगर. या कामाने मला त्याच्या कितीतरी मागे ढकललं.

ही उठाठेव कशाला?

हा प्रश्न घरातूनच आला. सासूबाई म्हणाल्या, "माणूस माकडापासून झाला, हे एका वाक्यात सांगून होतं. त्याला बारा आठवडे कशाला?" आईला फोनवर सांगितलं तर तीही हसून म्हणाली, "मंगनिंद मानव! एवढंच ना?"

एवढंच नाही, म्हणून तर बारा आठवडे. पण त्याहून मोठं कारण माझ्या मुलीने दिलं. ती बारावी कॉमर्सला आहे. म्हणाली, "आई, आम्हाला दहावीला हा धडाच नव्हता." तिचं खरं आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' असं प्रकरण होतं. करोनानंतरच्या अभ्यासक्रम-कपातीत त्यातला उत्क्रांतीचा भाग गेला आणि २०२३च्या पुस्तकात नुसती 'आनुवंशिकता' उरली. त्या वर्षी एप्रिलमध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध खुलं पत्र काढलं. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय राहिला, पण दहावीनंतर जीवशास्त्र घेतात किती जण? जो मुलगा वाणिज्याला जातो, जी मुलगी मराठी किंवा कन्नड घेऊन बी.ए. करते, त्यांच्यासाठी दहावी हेच विज्ञानाचं शेवटचं स्टेशन. तिथे ही गाडी थांबली नाही, तर पुढे थांबायची कुठे?

आणि मुलं हा विषय कुठूनतरी शिकतातच. पुस्तक सांगत नाही, तेव्हा मोबाईल सांगतो. मोबाईल काय सांगतो ते पुढे येईलच.

उत्क्रांती, विकास आणि शिडी

पहिली अडचण आली ती शब्दांची. दोन भाषांच्या घरात वाढल्याचा इथे फायदा झाला. मराठीत आपण 'उत्क्रांती' म्हणतो, कन्नडमध्ये 'विकास'. धारवाडहून आलेली मुलगी 'विकासवाद' म्हणते, तेव्हा शेजारच्या मराठी मुलाच्या डोक्यात रस्ते आणि उड्डाणपूल येतात. पण शब्दांपेक्षा त्यांच्या सावल्या जास्त त्रास देतात. 'उत्' म्हणजे वर. विकास म्हणजे पुढे, अधिक चांगलं. दोन्ही शब्दांतून असं वाटतं, की एक शिडी आहे, खाली माकड, वर आपण.

त्यात भर घालतं ते प्रसिद्ध चित्र. डावीकडे वाकलेलं माकड, मग थोडं ताठ, मग आणखी ताठ, शेवटी रुबाबात चालणारा माणूस. हे चित्र रुडॉल्फ झॅलिंगर यांनी १९६५ साली टाइम-लाइफच्या एका पुस्तकासाठी काढलं आणि तेव्हापासून ते टी-शर्टापासून जाहिरातींपर्यंत सगळीकडे आहे. प्रत्यक्षात प्रकार शिडीचा नाही, वडाच्या झाडाचा आहे. चिंपांझी आपला आजोबा नव्हे, चुलत भाऊ. दोघांचा सामायिक पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी होऊन गेला. तो आजचा चिंपांझीही नव्हता आणि माणूसही नव्हता. घरातला भाऊबंदकीचा वंशवृक्ष ज्याला वाचता येतो, त्याला हे समजायला अवघड नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात मुलांनी आपल्या घरचा वंशवृक्ष काढायचा आहे, आणि 'चुलत' आणि 'आजोबा' यांतला फरक त्यावर बोट ठेवून दाखवायचा आहे.

काही शब्दांत कन्नड मराठीपेक्षा सरस निघाली. 'जीवाश्म' हा आपला शब्द भारदस्त, पण मुलं अडखळतात. कन्नडमध्ये 'पळेयुळिके', म्हणजे सरळ 'जुनं उरलेलं'. आपल्या 'अश्मयुगा'ला तिथे 'शिलायुग'. अभ्यासक्रमाच्या शब्दसूचीत मी दोन्ही भाषा शेजारी ठेवल्या आहेत. एका भाषेत दार बंद असलं तर दुसरीतून आत जाता येतं.

मोपा ते बेळगाव : एक लांबच लांब रस्ता

दुसरी अडचण आकड्यांची. 'तीन लाख वर्षं' आणि 'तीस लाख वर्षं' या दोन आकड्यांत फळ्यावर फक्त एका शून्याचा फरक असतो. मुलांना तो अंगात भिनावा कसा?

उपाय मोप्यानेच दिला. आमच्या सड्यावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. त्याची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. मी ठरवलं, एक किलोमीटर म्हणजे एक लाख वर्षं. म्हणजेच एक मीटर म्हणजे शंभर वर्षं. आजचा दिवस धावपट्टीच्या एका टोकाला उभा आहे. आता मागे चालायचं.

पहिलं पाऊल उचललं की गोवामुक्तीचं १९६१ साल आणि राज्य पुनर्रचनेचं १९५६ साल, दोन्ही मागे पडतात. ज्या सीमेवरून आपल्या दोन-तीन पिढ्या झगडल्या, ती या रस्त्यावर सत्तर सेंटिमीटरच्या अलीकडे-पलीकडे आहे. पोर्तुगीज गोव्यात आले ते पाच-सव्वापाच मीटरवर. जगात शेतीची सुरुवात झाली ती शंभर मीटरच्या थोडं पुढे-मागे. त्यानंतर धावपट्टीवर गाव नाही, शेत नाही. फक्त चालणारी, शिकार करणारी, कंदमुळं खणणारी माणसं. आणि तीन किलोमीटरवर, धावपट्टी संपत येताना, मोरोक्कोतलं जेबेल इरहूद. तिथे सापडलेल्या, आपल्याच जातीच्या सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या हाडांचं वय सुमारे ३ लाख वर्षं असल्याचं २०१७ साली जाहीर झालं. म्हणजे आपली अख्खी मानवजात, होमो सेपियन्स, मोप्याच्या धावपट्टीवर मावते!

पण रस्ता संपत नाही. बांद्यामार्गे सावंतवाडीच्या वाटेला लागायचं. साधारण १५ किलोमीटरवर येतात चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमची दगडी हत्यारं, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची. ती बनवणारे आपल्या जातीचे नव्हते, पण हात कुशल होते. सावंतवाडी मागे टाकून घाटाच्या पायथ्याकडे जाताना, ३२ किलोमीटरवर, इथिओपियात १९७४ साली सापडलेली 'लुसी' भेटते. मेंदू लहान, पण दोन पायांवर चालणारी. आणि आंबोलीचा घाट चढून चंदगडच्या वाटेला लागलो, साठ-सत्तर किलोमीटर झाले, की तो चिंपांझीचा आणि आपला सामायिक पूर्वज. बेळगाव अजून लांब आहे, आणि डायनासोर बघायचे तर बंगळुरू ओलांडून जावं लागेल.

मुलांचं काम असं : आपल्या गावापासून आपल्या ओळखीच्या रस्त्यावर हाच नकाशा तयार करायचा. कुणी पेडण्याहून पणजीकडे जाईल, कुणी खानापुराहून धारवाडला. पाठांतर करायची गरजच राहणार नाही.

माकडहाड आणि काजू

ऑनलाइन वर्गात मुलगा पडद्यापलीकडे असतो. त्याच्या हातात आपण कवटी देऊ शकत नाही. मग त्याच्याजवळ आधीच काय आहे, याची यादी केली. त्याचं शरीर आहे!

आपली भाषा या बाबतीत फार पुढे गेलेली आहे. पाठीच्या कण्याच्या शेवटच्या हाडाला मराठीत नाव काय? माकडहाड! डार्विनचं नावही न ऐकलेल्या आपल्या आज्या "माकडहाडावर आपटले" असं बिनदिक्कत म्हणत आल्या. त्या हाडाला शेपूट नाही, तरी ते आहे. अक्कलदाढ अनेकांच्या जबड्यात मावत नाही, कारण जबडा लहान झाला. थंडीने अंगावर काटा येतो, पण फुलवायला दाट केसच नाहीत. अंगठा आणि करंगळी जुळवून मनगट थोडं वाकवलं, तर मनगटाच्या मधोमध एक शीर उठून दिसते. ती खरं तर स्नायूची दोरी. काही जणांना ती नसतेच, आणि त्यांचं काही अडत नाही. वर्गात सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर हात धरायचे आणि मोजदाद करायची. घरी आई-वडिलांचे, आजीचे हात तपासायचे. माणसामाणसांत फरक असतो आणि तो वारशाने येतो, हे दोन मुद्दे कळले की उत्क्रांतीचा अर्धा सिद्धांत हातात आला.

पुढचा धडा काजूचा. आमच्या पेडण्यात मार्च-एप्रिलमध्ये काजूच्या वासाशिवाय वारा येत नाही. पण काजू मूळचा इथला नव्हे, तो ब्राझीलचा, पोर्तुगिजांबरोबर आलेला. आणि ब्राझीलमध्ये कापुचिन जातीची माकडं आजही काजूच्या बिया दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने फोडतात. तिथे खणल्यावर असे वापरलेले दगड किमान ३,००० वर्षांपासूनचे मिळाले. मग प्रश्न असा, की 'हत्यार वापरतो तो माणूस' ही आपण शाळेत पाठ केलेली व्याख्या आता चालेल का? केनियातल्या लोमेक्वी इथली दगडी हत्यारं ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. आपली जात तेव्हा जन्मालाही आली नव्हती. मग माणूस म्हणायचं कुणाला, आणि कधीपासून? या प्रश्नावर मी उत्तर देणार नाही. गटागटात चर्चा होईल, प्रत्येक गट आपली व्याख्या लिहील आणि दुसरा गट ती मोडून काढायचा प्रयत्न करील.

हाडं नाहीत, पण दगड आहेत

"हे सगळं आफ्रिकेतलं. आपल्याकडे काय आहे?" असं मुलं विचारणारच. विचारायलाच हवं.

गोव्यात आणि कोकणात हाडं मिळणं कठीण, त्याला कारण आपला जांभा. ज्या लाल चिऱ्यांनी आपली घरं बांधली, त्या जांभ्याची माती आम्लधर्मी आणि वर चार महिने धो धो पाऊस. हाड तिथे विरघळून जातं. म्हणजे सड्यावर सांगाडा सापडला नाही, याचा अर्थ इथे माणूस नव्हता असा होत नाही. पुरावा नसणं आणि घटना न घडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा पुढे कोर्टकचेरीतही उपयोगी पडावा!

दगड मात्र टिकतात. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला उगम पावणारी आमची मलप्रभा पुढे बदामीच्या परिसरातून वाहते, तिथे तिच्या खोऱ्यात अश्मयुगीन हत्यारं मिळाली. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकात हा सारा मुलूख पायाखाली घातला. त्याने आपल्या भागावरचा भूशास्त्रीय ग्रंथ १८७६ साली प्रसिद्ध केला. पुढे आर. व्ही. जोशी यांनी मलप्रभा खोऱ्याचा अभ्यास करून १९५५ साली तो छापला. यादगीर जिल्ह्यातल्या हुणसगी खोऱ्यात इसामपूर इथे डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी तर आदिमानवाचा हत्यारांचा कारखानाच शोधला. चुनखडीच्या लाद्या फोडून तिथल्या तिथे हत्यारं घडवली जात होती. त्याचं वय सुमारे १२ लाख वर्षं सांगतात. आमच्या रस्त्यावर १२ किलोमीटर!

अखंड सांगाडा पाहायचा तर मात्र पडद्यावरच. दक्षिण आफ्रिकेतल्या रायझिंग स्टार गुहेत २०१३ साली दीड हजारांहून अधिक हाडं मिळाली. आतली फट इतकी अरुंद, की आत उतरू शकतील अशा सडपातळ संशोधकांसाठी जाहिरात द्यावी लागली, आणि निवडल्या गेल्या त्या सहाही जणी स्त्रिया होत्या. आमच्या वर्गातल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगणार आहे. २०१५ साली होमो नालेडी या नावाने ती जात जाहीर झाली, तेव्हाच हाडांची त्रिमिती चित्रंही सर्वांना विनामूल्य खुली केली गेली. मोबाईलवर कवटी बोटाने फिरवून पाहता येते. मुलांनी ती फिरवायची, आपल्या कवटीशी ताडून पाहायची आणि अंदाज करायचा, किती जुनी असेल? मेंदू संत्र्याएवढा, म्हणून बहुतेक जण वीस लाख वर्षं म्हणतील. प्रत्यक्षात वय निघालं २.३६ ते ३.३५ लाख वर्षं. म्हणजे आपली जात अस्तित्वात येत होती, तेव्हा हे चुलत भाऊही त्याच खंडात वावरत होते. शिडी इथे पार मोडून पडते.

राक्षसाचा सांगाडा

आता मोबाईल काय शिकवतो ते. जमिनीत खणलेला अवाढव्य मानवी सांगाडा आणि त्याच्याजवळ मुंगीएवढा माणूस, हे छायाचित्र तुम्हीही पाहिलं असेल. "उत्तर भारतात घटोत्कचाचा सांगाडा सापडला, सरकारने बातमी दाबली" असं त्याखाली लिहिलेलं असतं. खरं काय? २००२ साली इंटरनेटवरच्या एका स्पर्धेसाठी संगणकावर जुळवलेलं ते चित्र आहे. त्यातलं खोदकाम न्यूयॉर्क राज्यातलं, हत्तीच्या एका नामशेष भाऊबंदाची हाडं काढतानाचं. नॅशनल जिऑग्राफिकने २००७ साली याचा सविस्तर खुलासा केला, तरी चित्र फिरतंच आहे.

पण फसतात ते फक्त फॉरवर्ड करणारे काकाच नव्हेत. १९१२ साली इंग्लंडात पिल्टडाउन इथे 'माकड आणि माणूस यांतला दुवा' सापडल्याचा गाजावाजा झाला. कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले! मोठमोठे वैज्ञानिक चाळीस वर्षं त्याला खरं मानत होते. १९५३ साली वैज्ञानिकांनीच तपासणी करून तो बनाव उघडा पाडला. या आठवड्यात मुलांना दोन्ही प्रकरणं शेजारी शेजारी देणार. एक खोटं तपासून टाकून दिलं गेलं, दुसरं का टिकून आहे? "कशावरून?" हा शब्द विचारणारा कुणी होता की नव्हता, एवढाच फरक आहे. माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमाने मुलांना हा एकच शब्द दिला, तरी पुष्कळ झालं.

देवाधर्माचा प्रश्न येईलच. पेडण्यातली मुलं दशावतारी नाटकं बघत मोठी होतात, कर्नाटकातल्या यक्षगानालाही पूर्वी दशावतार आट म्हणत. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन हा क्रम म्हणजे उत्क्रांतीच, असं कुणीतरी म्हणणार. मी त्याला गप्प करणार नाही. फक्त विचारणार, की कथेत कूर्म मत्स्याच्या पोटी जन्मला असं कुठे म्हटलंय का? नाही. देव संकटात का येतो, हे ती कथा सांगते. हाड किती जुनं, हे सांगणं तिचं कामच नाही. आणि हाडाकडून भक्ती शिकायची अपेक्षाही कुणी करू नये. सासूबाईंना हे पटलं. "मग नाटक बंद नाही ना होणार?" एवढी खात्री त्यांनी करून घेतली.

मग मूळचे कोण?

शेवटच्या आठवड्यांत आपण पुन्हा धावपट्टीवर येतो आणि आपल्या दुखऱ्या नसेवर बोट पडतं. मूळचा कोण आणि उपरा कोण, या वादात आपल्याइतका मुरलेला दुसरा प्रदेश नसेल.

रक्तातला पुरावा काय सांगतो? आफ्रिकेबाहेरच्या सगळ्या माणसांत साधारण एक ते दोन टक्के वारसा निअँडरथल या नामशेष जातीचा आहे. प्राचीन हाडांतून डीएनए काढून हे दाखवणारे स्वांते पेबो यांना २०२२ साली नोबेल मिळालं. भारतापुरतं बोलायचं तर हैदराबादच्या सीसीएमबीतल्या लालजी सिंग, के. तंगराज आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं, की मुख्य भूमीवरचे जे समाज त्यांनी तपासले, ते जवळजवळ सगळे निरनिराळ्या प्राचीन गटांच्या मिश्रणातून बनले आहेत, उत्तरेचे आणि दक्षिणेचे, वरच्या मानल्या गेलेल्या जातींचे आणि आदिवासींचेही. प्रमाण कमी-जास्त, पण शुद्ध कुणीच नाही. २०१३ सालच्या अभ्यासात त्यांनी काळही काढला. ही सरमिसळ जोरात चालली ती सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी. त्यानंतर जातीबाहेर लग्न करणं हळूहळू थांबलं. आमच्या रस्त्यावर हे सगळं १९ ते ४२ मीटरच्या दरम्यान. म्हणजे ज्या भिंतींना आपण सनातन समजतो, त्या धावपट्टीच्या पहिल्या वीस मीटरांत उभ्या राहिल्या.

समारोपाचा आठवडा कातळशिल्पांना ठेवला आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या सड्यांवर आणि गोव्यात सांगे तालुक्यातल्या उसगाळीमळ-पणसाईमळ इथे कुशावती नदीकाठी जांभ्यावर कोरलेली चित्रं आहेत. बैल, हरणं, चक्रव्यूहासारखी गोल नक्षी. उसगाळीमळची चित्रं गावकऱ्यांना आधीपासून माहीत होती, संशोधकांसमोर ती १९९३ साली आली. राजापूरजवळच्या कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब. २०२२ साली यांतली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली, त्यांत गोव्याचं हे एक. त्यांचं नेमकं वय अजून ठरलेलं नाही, कारण दगडावरच्या रेघेचं वय काढणं अवघड. मुलांनी सांगायचं, तुम्ही असता तर कसं ठरवलं असतं? सड्यावर काही दिसलं तर फोटो घ्या, जागा लिहून ठेवा, पुरातत्त्व खात्याला कळवा, पण उचलू नका आणि खणू नका, हा नियम पहिल्या पानावर आहे.

रेंज, परीक्षा आणि घरचे

व्यवहाराचंही थोडं. २०२०च्या टाळेबंदीत रेंजसाठी सड्यावर चढणारी मुलं आम्ही पाहिली आहेत. म्हणून व्हिडिओ दहा मिनिटांहून मोठा नाही, प्रत्येकाबरोबर तोच मजकूर छापण्याजोगा, आणि आठवड्यात एकच तास सगळ्यांनी एकत्र. सरकारचं 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून आहे आणि यूजीसीच्या २०२१च्या नियमाप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचं श्रेय त्यावरून घेता येतं. पण तिथले बहुतेक अभ्यासक्रम इंग्रजीत. आमचा मराठीत असेल, उत्तर कन्नडमध्ये किंवा कोकणीत लिहिलं तरी चालेल. निम्मे गुण दर आठवड्याच्या कामाला, निम्मे शेवटच्या प्रकल्पाला. पाठ करून लिहायचा पेपर नाही.

प्रकल्प एकच आहे आणि तो घरच्यांशिवाय होत नाही. घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला "आपण मूळचे कुठले?" हे विचारायचं, जितकं मागे सांगता येईल तितकं लिहून घ्यायचं. कुठून आलो, का आलो, कुणाशी सोयरीक झाली, कोणती भाषा सुटली, कोणती नवी आली. मग त्याच्यापुढे जांभा, मलप्रभेचे दगड, डीएनए यांनी जे सांगितलं ते जोडायचं, आणि प्रत्येक वाक्यापुढे एका रकान्यात 'कशावरून' हे लिहायचं. "आजीने सांगितलं" हेही उत्तर चालेल, पण ते लिहिलं पाहिजे.

नमुना म्हणून हा प्रकल्प मी आमच्याच घरी करून पाहिला. सासूबाईंनी पाच पिढ्या सांगितल्या. आईने तीन सांगितल्या आणि चौथीपाशी थांबून म्हणाली, "त्याच्या आधी आम्ही मराठी बोलत होतो म्हणतात." त्या ओळीपुढचा 'कशावरून'चा रकाना सध्या रिकामा आहे. मे महिन्यात मी आणि मुलगी धारवाडला जाणार आहोत, तेव्हा आईच्या मोठ्या मावशीला विचारू. अभ्यासक्रम जूनमध्ये सुरू होतो आहे. तोवर वाचकहो, तुमच्याही घरचा हा रकाना भरायला घ्या. सांगणारी माणसं घरात आहेत, तोवरच ते काम सोपं आहे.